वही कोणासाठी लिहायची?

अर्थशास्त्राच्या नावाजलेल्या नियतकालिकांत समीकरणं असतात, आलेख असतात. कारखान्यातल्या कचऱ्याचे फोटो तिथे सहसा दिसत नाहीत. पण 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये २०१३ साली आलेल्या एका निबंधाच्या जोडीने संशोधकांनी असे बरेच फोटो प्रसिद्ध केले. वाटेत पडलेली हत्यारं, झाकण नसलेली रसायनांची पिंपं, छपराला टेकेल इतक्या उंच रचलेल्या सुताच्या गोण्या. मागची गोणी हवी असेल तर पुढच्या सगळ्या उपसायच्या. कुठल्या गोणीत कुठलं सूत आहे याची चिठ्ठी नाही, ओल लागू नये म्हणून खाली काही घातलेलं नाही. दाबले जाऊन चेपलेले कोन वेगळे काढून ठेवलेले, कारण त्यांवरचं सूत पुन्हा नव्या कोनावर गुंडाळावं लागणार.

हे कारखाने मुंबईच्या उत्तरेला, तारापूर आणि उंबरगाव या दोन औद्योगिक वसाहतींतले. तारापूरची एमआयडीसी बोईसर स्टेशनला लागून आहे आणि तेव्हा ती ठाणे जिल्ह्यात होती, पालघर जिल्हा २०१४ साली झाला. उंबरगाव गुजरातच्या हद्दीत, सीमेला लागून. दोन्हीकडे सुती कापड विणणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपन्या आहेत. त्या पिढीजात, एका कुटुंबाच्या मालकीच्या. सरासरी अडीचशे-पावणेतीनशे कामगार, बहुतेकांचे दोनेक कारखाने. साचे, म्हणजे माग, रात्रंदिवस चालू, वर्षाचे ३६५ दिवस. या कंपन्या बुडीत नव्हत्या, चांगल्या कमावत होत्या. म्हणूनच त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. बुडत्या कंपनीत काय चुकतंय ते कुणीही सांगेल.

निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या पाच संशोधकांना एका जुन्या वादाचा निकाल लावायचा होता. चांगल्या व्यवस्थापनाने खरंच उत्पादन वाढतं, की ज्यांचं आधीच बरं चाललंय त्यांनाच नीटनेटकेपणा परवडतो? व्यवस्थापनाच्या पुस्तकांत यशस्वी कंपन्यांच्या कथा मागाहून जुळवलेल्या असतात, त्यांतून हा प्रश्न सुटत नाही. म्हणून त्यांनी औषधाची चाचणी घेतात तशी चाचणी घेतली. २००८ मध्ये १७ कंपन्यांचे २८ कारखाने या अभ्यासात आले. त्यांतले २० थेट प्रयोगासाठी होते. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीची माणसं या वीसही कारखान्यांत महिनाभर फिरली, काय कसं चालतं ते पाहिलं, उणिवा मालकांना सांगितल्या. मग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १४ कारखान्यांत ती आणखी चार महिने थांबली आणि सुधारणा प्रत्यक्ष बसवून दिल्या. उरलेल्या ६ कारखान्यांना फक्त निदान मिळालं, उपचार नाही.

काय तपासायचं याची ३८ बाबींची यादी होती. त्यांत यंत्रांची देखभाल होती, दर्जा, साठा, माणसांचं काम आणि बक्षिसं, ऑर्डरींचा हिशेबही होता. यादी वाचून कुणी चकित होणार नाही. यंत्र कधी आणि का बंद पडलं हे लिहून ठेवता का? सुताचा साठा किती याची रोजची नोंद आहे का? दोष किती निघाले यावर रोज बैठक होते का? हत्यारं ठरलेल्या जागी असतात का? सुरुवातीला या कारखान्यांत यातल्या साधारण एक चतुर्थांश गोष्टीच होत होत्या.

मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो तो एका वहीचा फोटो. दोष दुरुस्त करण्याच्या खात्यातली हाताने लिहिलेली वही. म्हणजे नोंद होत होती! सल्लागार येण्याआधीपासून होत होती. पण ती कशासाठी, हे संशोधकांनी फोटोखाली लिहिलं आहे. गिऱ्हाइकाने कापड खराब निघालं म्हणून पैसे कापायची मागणी केली, तर पडताळून पाहण्यासाठी. वही भांडणाच्या तयारीसाठी होती. दोष कुठल्या साच्यावर, कुठल्या पाळीत, कुठल्या डिझाइनमध्ये जास्त निघतो हे त्याच वहीतून कळलं असतं, पण तसं ते कुणी कधी विचारलं नव्हतं. सल्लागारांनी केलं काय, तर त्याच नोंदीचा नमुना बदलला. साचा, पाळी, डिझाइन, विणकर अशा रकान्यांत ती रोज भरायची आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत पुढे ठेवायची.

त्या दुरुस्ती खात्याची किंमत किती होती? कारखान्यातली जवळपास १९ टक्के माणसं कापड तपासणं आणि दोष दुरुस्त करणं याच कामाला होती. ताण्याचा दोरा तुटतो, साचा तसाच चालत राहतो, वारभर कापडात रेघ उमटते. मग कुणीतरी तो तागा टेबलावर, उजेडासमोर पसरतो आणि हाताने, सुईने तो दोष बुजवतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे कसबाचं काम वाटेल, आणि आहेच. पण पाचातला एक माणूस जर उरलेल्या चौघांच्या चुका निस्तरत असेल, तर दुरुस्ती हाच त्या कारखान्याचा दुसरा धंदा होऊन बसतो. तो ताळेबंदात वेगळा दिसत नाही. पगार एकाच खात्यावर पडतो.

या प्रश्नाचं उत्तर साच्यांच्या जगात फार आधी मिळालं होतं. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ साली 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण केला. दोरा तुटला की तो आपोआप थांबायचा. थांबल्यामुळे दोष पुढे जायचा नाही आणि मागासमोर एक माणूस डोळे लावून बसवायची गरज उरायची नाही. ऑल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी १९२९ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले. त्याच टोयोडा घराण्याच्या सूतगिरणीत १९३२ साली नोकरीला लागलेले ताइची ओनो १९४३ मध्ये त्याच घराण्याच्या टोयोटा मोटारींच्या कारखान्यात आले आणि मागाची ही युक्ती त्यांनी माणसांच्या साखळीला लावली. चूक दिसली की कामगाराने दोर ओढायचा, गरज पडली तर सगळी लाइन थांबायची. 'टोयोटा पद्धती'वर आज पुण्याच्या चाकण-भोसरीत जी प्रशिक्षणं होतात, भिंतींवर जे पिवळे पट्टे आणि '५ एस'चे फलक दिसतात, त्यांचं एक मूळ असं कापडाच्या धंद्यात आहे. आणि तारापूरचे साचेखाते ऐंशी वर्षांनीही हाताने रेघा बुजवत होते. अडचण फक्त मागांतल्या तंत्रज्ञानाची नव्हती. दोष आला की तो का आला हे विचारणारं कुणी नव्हतं.

चार महिन्यांच्या उपचाराचे आकडे असे. ज्यांना मदत मिळाली त्या कारखान्यांत ३८ पैकी पाळल्या जाणाऱ्या बाबींचं प्रमाण सुमारे ३८ टक्के अंकांनी वाढलं. नुसतं निदान मिळालेल्यांतही थोडं वाढलं, १२ टक्के अंकांनी. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वर गेली. दोष कमी झाले, साठा कमी झाला. प्रत्येक कारखान्यामागे वर्षाचा नफा सुमारे तीन लाख डॉलरने वाढेल असा संशोधकांचा अंदाज होता. त्या वेळच्या दराने सव्वा कोटी रुपयांहून जास्त. सल्ल्याची बाजारभावाने किंमत अडीच लाख डॉलर, म्हणजे साधारण वर्षभरात वसूल.

मग प्रश्न असा की, एवढा पैसा जमिनीवर पडलेला होता तर तो मालकांनी उचलला का नाही? हुशार माणसं होती. सुताच्या भावात पैशापैशाचा हिशेब करणारी.

एक कारण अज्ञानाचं. रोजची बैठक, यंत्र बिघडण्याआधी केलेली देखभाल यांबद्दल कित्येकांनी ऐकलंच नव्हतं. ज्याबद्दल ऐकलं होतं त्याने फायदा होईल असं वाटत नव्हतं. शेजारच्या कारखान्याइतकाच आपला दर्जा आहे, मग आपल्याला दर्जाचा प्रश्न नाही, असा मालकांचा सूर होता. शेजारीही तसाच विचार करत होता, त्यामुळे आरशात सगळे ठीक दिसत होते.

दुसरं कारण जास्त खोलातलं, आणि मला वाटतं आपल्याकडच्या कुठल्याही घरगुती कंपनीत आजही ते सापडेल. या कंपन्या किती मोठ्या होणार हे बाजारपेठेवर कमी आणि घरात मुलगे-भाऊ किती यावर जास्त ठरत होतं. दुसरा कारखाना काढायचा तर तिथे बसायला घरातला पुरुष हवा. नोकरीवरचा व्यवस्थापक चोरी करेल ही भीती, आणि चोरी झाली तर कोर्टातून काही हाती लागणार नाही ही खात्री. म्हणून कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या हातात फार थोडे निर्णय असत. मालक रोज फेरी मारणार, सुताच्या गोण्या नजरेने मोजणार, चावी स्वतःजवळ ठेवणार. अशा ठिकाणी लिखित आकड्याला वजन कुठून येणार? मालकाच्या डोळ्यांवर सगळी व्यवस्था चालते, आणि डोळे दोनच असतात. प्रयोगानंतर जे बदल दिसले त्यांत एक हाही होता की मालकांनी कारखान्यातल्या व्यवस्थापकांना जास्त अधिकार दिले आणि संगणकाचा वापर वाढला. आकडा कागदावर आला की दुसऱ्यावर थोडा भरवसा टाकता येतो. तीन वर्षांच्या आत यांतल्या कंपन्यांनी नवे कारखानेही काढले.

मुंबईच्या गिरणगावाच्या आठवणीत कार्यक्षमता वाढवण्याचा हा विषय इतका सरळ नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत 'एफिशियन्सी स्कीम' आली. ससून गटाच्या गिरण्या त्यात पुढे होत्या. विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळायचे, इतर खात्यांत कमी माणसांनी तेवढंच काम करायचं. त्याविरुद्ध एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि त्याच संपात मे महिन्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पुढे प्रश्न न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे गेला. मालकांच्या बाजूने पाहिलं तर जपानी कापडाच्या स्पर्धेत टिकायचं होतं, आणि ती स्पर्धा खरीच होती. पण सूत निकृष्ट असेल, दोरा दर दोन मिनिटांनी तुटत असेल, तर तीन साचे म्हणजे तीन ठिकाणी धावणं. प्रक्रिया तशीच ठेवून माणूस ताणला तर त्याला सुधारणा का म्हणायचं, हा कामगारांचा प्रश्न तेव्हाही रास्त होता. तारापूरचा लाभ मुख्यतः दोष, थांबलेली यंत्रं आणि अडकलेला साठा यांतून आला, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. तरी दुरुस्ती खात्यातल्या माणसांना कमी दोष ही गोड बातमी वाटली असेल असं मी समजत नाही.

टोयोटाच्या गौरवकथांत जे सहसा गाळलं जातं ते इथे सांगायला हवं. १९५० साली कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती, माणसं कमी करण्यावरून मोठा संप झाला, जवळपास दोन हजार माणसं गेली आणि संस्थापक किइचिरो टोयोडांना राजीनामा द्यावा लागला. जे राहिले त्यांच्या नोकरीची हमी त्यानंतर कंपनीच्या व्यवहाराचा पाया झाली. सुधारणेच्या सूचना कामगारांकडून येतात, असं आपण कौतुकाने सांगतो. आपल्या सूचनेने आपलंच काम गेलं तर आपण उघड्यावर पडणार नाही, हे माहीत असलेली माणसं त्या देत होती.

कारखान्यातून कार्यालयात या, म्हणजे दोष दिसतही नाहीत. कापडातली रेघ तरी दिव्यासमोर धरता येते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात पाचशेहून जास्त माणसं होती. संगणक आणून ती चारशेवर आणावी असा बेत होता. मग कुणीतरी माझ्दाकडे पाहिलं. फोर्डची तिथे भागीदारी होती. माझ्दाच्या त्याच विभागात पाच माणसं होती. कंपनी लहान, हे धरूनही हा फरक समजावता येईना.

फोर्डच्या टेबलावर तीन कागद यायचे. खरेदी विभागाकडून मालाची ऑर्डर (पीओ), गोदामातून माल मिळाल्याची नोंद (जीआरएन), पुरवठादाराकडून बिल. कारकुनाने १४ बाबी जुळवून पाहायच्या, जुळल्या की पैसे सोडायचे. बहुतेक वेळ जुळलेल्या कागदांत जात नव्हता, न जुळलेल्यांत जात होता. पत्रव्यवहार, फोन, आठवडे. नवी पद्धत अशी झाली की बिलच नको. पीओ संगणकात. माल आला की गोदामातल्या माणसाने तिथेच पडताळायचं, जुळला तर घ्यायचा आणि पैसे आपोआप निघायचे, नाही जुळला तर गाडी परत. १४ ऐवजी ३ बाबी. माणसं ७५ टक्क्यांनी कमी झाली. मायकेल हॅमर यांनी १९९० साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त ही हकिकत लिहिली आणि 'रीइंजिनिअरिंग'ची लाट आली. पुढे कित्येक कंपन्यांनी नोकरकपातीला तेच नाव दिलं, आणि माणसांची बाजू आपण पुरेशी ध्यानात घेतली नाही, हे नंतर हॅमर यांनीही मान्य केलं.

आपल्याकडे बिल रद्द करता येणार नाही. जीएसटीची वजावट त्यावरच मिळते. पण हकिकतीतला गाभा तिथे नाहीच. चूक सापडण्याची जागा फोर्डने टेबलावरून गोदामाच्या दारात नेली. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही बऱ्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये जाऊन पाहा. जीआरएन माल आल्यानंतर चार दिवसांनी केलेली असते, पीओमध्ये दर जुना असतो, आणि पुरवठादार रोज फोन करून एकाच बिलाची चौकशी करत असतो. त्याला उत्तर द्यायला आणखी एक माणूस नेमलेला असतो. तो कारखान्यातल्या दुरुस्ती खात्याचाच भाऊ.

हा खोळंबा मोजायला फार मोठी विद्या लागत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं एक सूत्र आहे. समजा तुमच्याकडे रोज २० बिलं येतात, २० निकाली निघतात आणि टेबलांवर मिळून कायम ३०० पडून असतात. म्हणजे एक बिल सरासरी १५ दिवस आत राहतं. त्या पंधरा दिवसांत प्रत्यक्ष काम किती? दहा-पंधरा मिनिटं असेल. उरलेला सगळा वेळ ते कुणाच्या तरी सहीची वाट पाहत असतं. कारकुनाला दुप्पट वेगाने टाइप करायला लावलं तर पंधरा दिवसांतली काही मिनिटं वाचतील. तरीही कार्यक्षमतेचा विषय निघाला की कंपनी आधी कारकुनाकडे बघते. सह्या पाचावरून दोनावर आणायच्या म्हटलं तर ती चर्चा वरच्या मजल्यावर करावी लागते, आणि वरच्या मजल्याला स्वतःची सही प्रिय असते.

आता संगणकच हे शोधून देतो. विल व्हान डर आल्स्ट यांनी आइंडहोव्हनमध्ये असताना पाया घातलेली 'प्रोसेस मायनिंग' नावाची शाखा आहे. म्युनिकची सेलोनिस ही कंपनी २०११ पासून तेच विकते. कंपनीचा सगळा व्यवहार नोंदवणाऱ्या संगणक प्रणालीत, ईआरपीमध्ये, प्रत्येक कागदाला वेळेचा शिक्का असतो. ते शिक्के गोळा केले की कागद खऱ्या वाटेने कसा फिरला याचा नकाशा निघतो. नियमावलीत पाच पायऱ्या असतात, नकाशात चाळीस वाटा निघतात. उपयोगाची गोष्ट आहे. पण तारापूरच्या वहीतही माहिती होतीच. कोट्यवधी खर्चून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा नकाशा तिमाही सादरीकरणात एकदा झळकून मिटला, तर ती वही फक्त महाग झाली.

मुंबईच्या डबेवाल्यांचं नाव एव्हाना वाचकाच्या ओठावर आलं असेल. त्यांची व्यवस्था अस्सल आहे. झाकणावरच्या खुणा, लोकलच्या वेळापत्रकाने बांधून दिलेली लय, मुकादमाच्या हाताखालची छोटी टोळी आणि तिच्यात वाटून घेतलेली कमाई. पण त्यांना अचूकतेचं 'सिक्स सिग्मा' प्रमाणपत्र मिळालं ही दंतकथा आहे. चुकांचं जे प्रमाण १९९८ मधल्या 'फोर्ब्स'च्या लेखापासून जगभर फिरतंय ते संघटनेच्याच लोकांनी अंदाजाने सांगितलेलं होतं. डबे मोजत कुणी बसलं नव्हतं. गंमत म्हणजे त्यांना त्याची गरजही नव्हती. चुकलेला डबा दुपारी एकच्या आत भुकेल्या माणसाच्या तोंडून ओरडतो, आणि ज्याने चूक केली त्याच्यापर्यंत ती ओरड त्याच दिवशी पोचते. कार्यालयात चुकलेला कागद असा ओरडत नाही.

संशोधक २०१७ मध्ये तारापूर-उंबरगावला परत गेले. व्यवस्थापनाच्या अभ्यासांत असं मागे वळून पाहणं दुर्मिळ असतं. सल्लागार केव्हाच निघून गेले होते. ज्या कारखान्यांत उपचार झाला होता तिथे तेव्हा स्वीकारलेल्या गोष्टींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. निम्म्या टिकल्या, हेही खरं, आणि उपचार न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा हे अजूनही बरेच पुढे होते. एकाच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यात पद्धती झिरपल्या होत्या. पण एका कंपनीतून दुसरीत गेल्याच्या खुणा फारशा सापडल्या नाहीत. एकाच वसाहतीत, एकाच बाजारातून सूत घेणाऱ्या कंपन्या, आणि तरीही कोटीभर रुपयांची युक्ती कुंपण ओलांडत नव्हती.

ज्या गोष्टी बंद पडल्या त्या का, याची जी कारणं वारंवार सांगितली गेली त्यांत दोन ठळक होती. कारखान्याचा व्यवस्थापक बदलला, आणि मालकाला वेळ नव्हता. नवा व्यवस्थापक येतो तेव्हा त्याच्यासमोर रकान्यांचा छापील फॉर्म असतो, पण तो कशासाठी भरायचा हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. सकाळच्या बैठकीला मालक एकदा येत नाही, मग आठवडाभर येत नाही. पाळीचा प्रमुख आकडे भरत राहतो, पण विचारणारं कुणी नाही म्हटल्यावर कालचेच आकडे आज उतरवतो. कधीतरी फॉर्म संपतात आणि नवे छापून आणायची आठवण कुणाला राहत नाही. गिऱ्हाइकाच्या तक्रारी मात्र येतच राहतात, त्यासाठीची जुनी वही चालू असते.